सदा रात्री पाय कुठे ठेवतो? हात किंवा पाय गमावलेलं पात्र लिहिणाऱ्या नवोदितांसाठी

माझ्या पहिल्या कादंबरीतल्या सदाचा उजवा पाय मांडीतून कापलेला होता. पुस्तक आलं, चार ओळखीच्यांनी बरं म्हटलं, आणि मग एका अनोळखी वाचकाचा फोन आला. त्यांचाही पाय तसाच मांडीतून गेलेला, वीसेक वर्षांपूर्वी. पुस्तक आवडल्याचं त्यांनी आधी सांगितलं. मग जरा थांबून विचारलं, "ताई, तुमचा सदा पाय लावूनच झोपतो का हो?"

नवव्या प्रकरणात मध्यरात्री कडी वाजते आणि सदा ताडकन उठून दाराकडे धावतो. कृत्रिम पाय रात्री काढून ठेवतात, हे मला माहीतच नव्हतं. दोनशे पानं ज्या माणसासोबत काढली, त्याचा पाय रात्री पलंगाखाली असतो की भिंतीला टेकून, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. त्याचं दुःख मात्र पानोपानी रंगवलं होतं.

दुसऱ्या वेळी मी आधी विचारलं, मग लिहिलं. त्यातून जे हाती आलं ते इथे क्रमाने मांडते.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- पात्राचा एक पानी कागद: कुठला हात किंवा पाय, कुठून कापला, का, कोणत्या वयात, त्याला किती वर्षं झाली, आता काय वापरतो, दिवसातून किती तास.
- कथेचा कालपट, तारखांसकट. विशेषतः शस्त्रक्रियेनंतरचं पहिलं वर्ष.
- अशा माणसांनी स्वतः लिहिलेले किंवा सांगितलेले अनुभव. डॉक्टरांनी किंवा नातेवाइकांनी सांगितलेले नव्हेत, ते नंतर.
- कृत्रिम अवयव बनवणाऱ्या तंत्रज्ञाशी तासभर गप्पा. यांना प्रोस्थेटिस्ट म्हणतात. कुठला स्क्रू सैल होतो आणि लोक कशाची तक्रार घेऊन परत येतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.
- मसुदा वाचून "हे चुकलंय" असं तोंडावर सांगणारे किमान दोन वाचक, ज्यांचा स्वतःचा हात किंवा पाय गेला आहे.
- दोन रंगीत पेन्सिली. त्या कशाला, ते शेवटी.

१. आधी कुठून कापलाय ते ठरवा

"त्याला एक पाय नव्हता" एवढ्यावर कथा चालत नाही. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न गुडघ्याचा. गुडघा शाबूत असेल आणि पाय त्याखालून कापलेला असेल, तर सराव झालेला माणूस पँट घालून चालताना ओळखूही येत नाही. पाय मांडीतून गेला असेल, तर गुडघाही यंत्राचा. तो वेळेवर वाकेल आणि वेळेवर सरळ होईल याकडे चालणाऱ्याचं सतत लक्ष असतं. सपाट रस्त्यावर गुडघ्याखालून कापलेल्या माणसाला इतरांपेक्षा अंदाजे चौथाई जास्त शक्ती लागते, मांडीतून कापलेल्याला निम्म्याहून जास्त. म्हणजे तुमच्या नायकाने नायिकेबरोबर चार मैल चालत गप्पा मारल्या, तर तो दमला पाहिजे. गप्पा त्याने थांबवल्या पाहिजेत, किंवा न थांबवता मनात किंमत मोजली पाहिजे. त्यातच एखादा प्रसंग असतो.

हाताचंही तसंच आहे. कोपर आहे की नाही, यावर बाकी सगळं ठरतं. लिहिता हात गेला की दुसरा? लिहिता गेला असेल तर अक्षर बदलतं, सही बदलते, आणि बदललेली सही प्रत्येक कचेरीत नव्याने सिद्ध करावी लागते.

२. कारण आणि मधली वर्षं

लेखकांना अपघात आवडतो, कारण तो एका पानात उरकतो. प्रत्यक्षात पाय जाण्यामागे मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचे आजार हे फार मोठं कारण आहे, आणि ती गोष्ट संथ असते. पायाला जाणीव उरत नाही, चप्पल चावल्याचं कळत नाही, जखम भरत नाही, आधी एक बोट जातं, मग पाऊल. प्रत्येक वेळी "आता एवढंच" असं सांगितलं जातं. शिवाय उरलेल्या पायालाही तोच धोका असतो. अशा माणसाची भीती आणि यंत्रात हात सापडलेल्या तरुण कामगाराचा राग यांत फार अंतर आहे. हाडाच्या कर्करोगाने पाय गमावणारी मुलं पुष्कळदा दहा ते वीस वयातली असतात, आणि त्यांच्या घरात पायापेक्षा मोठी भीती आधीच येऊन बसलेली असते.

जन्मतःच हात किंवा पाय अपुरा असणारी माणसं वेगळी. त्यांनी काही गमावलेलं नसतं. त्यांच्या तोंडी "पूर्वीसारखं" हा शब्दच येणार नाही.

आणि किती वर्षं झाली? दोन महिने झालेला माणूस आणि वीस वर्षं झालेला माणूस ही दोन वेगळी पात्रं आहेत. वीस वर्षांनंतर बहुतेकांच्या डोक्यात दिवसभर पाय नसतो. नोकरी असते, मुलांचा अभ्यास असतो, गुडघेदुखी असते, तीही चांगल्या पायाची, कारण जास्तीचा भार त्याने सोसलेला असतो.

३. पहिल्या वर्षात घाई करू नका

ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात विश्पलेची गोष्ट आहे. लढाईत तिचा पाय तुटतो आणि अश्विनीकुमार तिला 'सद्यः', म्हणजे तिथल्या तिथे, धातूचा पाय बसवून देतात. ती पुन्हा धावू लागते. (विश्पला बाई होती की शर्यतीची घोडी, यावर अभ्यासकांत वाद आहे.) आपले बहुतेक लेखक अजून अश्विनीकुमारांच्याच वेगाने पाय बसवतात. मीही बसवला होता. माझा सदा तिसऱ्या आठवड्यात नवा पाय लावून घरी आला.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत टाके निघाले तरी पुष्कळ. उरलेल्या भागाला लोक 'स्टंप' म्हणतात. तो सुजलेला असतो. सूज उतरून त्याला नीट आकार यावा म्हणून त्यावर लवचीक पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी तिरकी गुंडाळतात, किंवा घट्ट मोजा चढवतात. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही असं बजावलेलं असतं, कारण वाकलेला सांधा तसाच आखडला तर पुढे कृत्रिम पाय बसवणं कठीण होतं. प्रेमळ आई नेमकी ती उशी आणून ठेवते. (हा प्रसंग मला एका बाईंनी सांगितला. मायलेकींचं त्यावरून झालेलं भांडण माझ्या कुठल्याही कल्पनेपेक्षा सरस होतं.)

जखम भरून सूज उतरली की पहिल्या पायाचं माप घेतात. याला काही आठवडे लागतात, कित्येकदा महिने. मग दोन समांतर दांड्यांमध्ये चालायला शिकायचं. स्टंप पुढेही वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ आक्रसत राहतो, म्हणून पहिलं सॉकेट (स्टंप ज्यात बसतो तो भाग) ढिलं होतं आणि दुसरं करावं लागतं.

या काळातला सगळ्यात खरा धोका रात्रीचा असतो. अर्धवट झोपेत माणूस लघवीला उठतो, पाय आहे असं समजून पाऊल टाकतो आणि पडतो. मला भेटलेल्यांपैकी एकालाही हे सांगताना आठवावं लागलं नाही.

ऐतिहासिक कथा लिहीत असाल तर एक तारीख जवळ ठेवा. लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन यांनी इथरची भूल देऊन मांडीतून पाय कापला तो २१ डिसेंबर १८४६ रोजी. इथरच्या भुलीचं गाजलेलं जाहीर प्रात्यक्षिक अमेरिकेत त्याच वर्षी, काहीच आठवडे आधी झालं होतं. त्यापूर्वीच्या काळात रुग्ण जागा असे, आणि शस्त्रवैद्याचं कौशल्य मिनिटांत मोजलं जाई.

४. कृत्रिम अवयव नीट ओळखून घ्या

पाय म्हणजे नुसतं पाऊल नव्हे. स्टंप ज्यात बसतो ते सॉकेट, आत बहुधा सिलिकॉनचं लायनर, म्हणजे मऊ आवरण, मग नळी, गरज असेल तर गुडघा, आणि शेवटी पाऊल. सगळी सुखदुःखं सॉकेटची असतात. स्टंपचा आकार दिवसभरात बदलतो, म्हणून दुपारी एखादा जादा मोजा चढवावा लागतो. मोजा चढवायला पाय काढावा लागतो आणि पाय काढायला आडोसा लागतो. उन्हात आत घाम साठतो आणि पाय सटकायला लागतो. त्वचा सोलवटली तर दोन-चार दिवस पाय लावताच येत नाही. त्या दिवसांत माणूस कुबड्यांवर किंवा व्हीलचेअरवर असतो, आणि बघणारे विचारतात, "अरेरे, पुन्हा काय झालं?"

पाऊल बुटाच्या टाचेच्या उंचीनुसार जुळवलेलं असतं. वेगळ्या टाचेचा बूट घातला की सगळा तोल बिघडतो. पँट आधी कृत्रिम पायावर चढवणं सोपं जातं. जिना चढताना चांगला पाय पुढे, उतरताना कृत्रिम पाय पुढे. हे शिकवलेलं असतं, सरावाने पुष्कळजण मोडतात. जिन्यापेक्षा उतार जास्त छळतो, हे मला नवीन होतं.

कोणता पाय कशासाठी, तेही पाहा. धावपटूंची ती वळलेली कार्बनची पाती सिनेमात झकास दिसते. तिचा पूर्वज घडवणारे व्हॅन फिलिप्स यांनी स्वतः १९७६ साली पाय गमावला होता. पण धावण्याच्या पात्याला टाच नसते, त्यावर स्वस्थ उभं राहणं अवघड. ते घालून तुमचं पात्र कचेरीत रांगेत उभं असेल तर ते वाक्य खोडा. उलट, जयपूरमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेलं रबरी पाऊल उकिडवं बसता यावं, बुटाशिवाय चालता यावं, चिखलपाण्यात जाता यावं म्हणून तसं आहे. पात्राचं काम शेतातलं की टेबलावरचं, यावर त्याचा पाय ठरतो.

हातांबाबत एकच सांगते: हात गमावलेली कितीतरी माणसं कृत्रिम हात वापरतच नाहीत. तो जड असतो, गरम होतो आणि त्याला स्पर्श कळत नाही. स्नायूंच्या विद्युत संकेतांवर चालणारा हात पेला धरतो, पण किती जोरात धरलाय ते डोळ्यांनी पाहावं लागतं. खांद्याच्या पट्ट्याने आणि तारेने चालणारा जुना आकडा (हूक) दिसायला ओबडधोबड, पण तारेच्या ताणावरून पकडीचा अंदाज येतो. म्हणून काहीजण हट्टाने तोच ठेवतात.

५. नसलेला पाय दुखतो

हे कवित्व नाही. गेलेला अवयव अजून आहे असं जवळजवळ सगळ्यांना जाणवतं, आणि बहुतेकांना कधी ना कधी तो दुखतो: जळजळ, विजेचा झटका, बोटं मुडपून अडकल्यासारखी, नखं तळव्यात रुतल्यासारखी. काहींना ते पाऊल हळूहळू वर सरकून थेट स्टंपला चिकटल्यासारखं वाटतं. स्टंपचं दुखणं निराळं. ते तिथल्या मज्जातंतूचं, जखमेचं किंवा सॉकेटच्या दाबाचं. दोन्हींची गल्लत करू नका.

या जाणिवेचं 'फँटम लिंब', म्हणजे आभासी अवयव, हे नाव अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ साली रूढ केलं. त्याआधी, १८६६ साली, त्यांनी हाच विषय निनावी कथेत मांडला होता. कथेचा निवेदक चारही अवयव गमावलेला सैनिक होता. वाचकांना तो इतका खरा वाटला की काहींनी त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली. मिचेल यांनी या जखमी सैनिकांना तपासलं होतं, त्यांचं ऐकलं होतं. कथेला तो पाया होता.

१९९०च्या दशकात मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाची पेटी पुढे आणली. चांगला हात आरशासमोर हलवायचा, आरशात गेलेला हात हलताना 'दिसतो', आणि काहींची आवळलेली मूठ सुटल्यासारखी वाटते. काहींची, सगळ्यांची नव्हे. प्रसंग म्हणून हे फार मोहात पाडणारं आहे, त्यामुळे जपून वापरा.

६. एक साधा दिवस लिहून काढा

कथेत घ्यायचा नाही. फक्त तुमच्यासाठी, उठल्यापासून झोपेपर्यंत. आंघोळ कशावर बसून? कुबड्या दोन्ही हातांत असताना पाण्याचा पेला एका खोलीतून दुसरीत कसा न्यायचा? एकच हात असलेल्या बाईच्या त्याच हाताची नखं कोण कापतं? (हा प्रश्न मी विचारला तेव्हा समोरच्या बाई मोठ्याने हसल्या. नेलकटर टेबलाच्या कडेला अडकवून तो त्या कोपराने दाबतात.) बाटलीचं झाकण? दोन्ही गुडघ्यांत बाटली धरून. टाळ्या? मांडीवर.

माझ्या जुन्या पुस्तकातलं वाक्य असं होतं: "नियतीने त्याचा पाय हिरावला होता, पण जिद्द नाही, कृत्रिम पायाच्या आधाराने तो आयुष्याशी झुंजत होता." यातून सदाबद्दल काहीही कळत नाही. दिवस लिहून काढल्यावर त्याच जागी हे आलं:

"बेल वाजली तेव्हा पाय पलंगाखाली होता. लायनर, मोजा, पाय, म्हणजे चार मिनिटं. कुबड्यांवर गेलं तर पंधरा सेकंद. बेल पुन्हा वाजली. सदाने कुबड्या ओढल्या. दारात कुरियरवाला भलंमोठं खोकं पुढे करून उभा होता. सदाने खोक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे. 'ठेवा तिथंच,' तो म्हणाला, 'संध्याकाळपर्यंत नेतो आत.'"

नियतीला मी सुट्टी दिली.

७. शब्द तपासा, आणि म्हणीही

थोटा, लंगडा, लुळा, पांगळा हे शब्द पात्रांच्या तोंडी येऊ शकतात. गावातला एखादा माणूस बोलेलच तसं. निवेदकाच्या तोंडी नकोत, एक तर ते बोचतात म्हणून, आणि दुसरं म्हणजे बहुधा चुकीचे असतात म्हणून. लुळा हात म्हणजे बळ गेलेला हात. कापलेला हात लुळा नसतो. 'दिव्यांग' हा शब्द २०१५नंतर सरकारी कागदांत रुळला. तो काहींना आवडतो, काहींना त्यातलं दिव्यत्व खटकतं. तुमच्या पात्राला काय वाटतं ते त्यालाच ठरवू द्या. निवेदनात "डावा पाय गुडघ्याखालून कापलेला" इतकं सरळ लिहिलं तर कुणाचंच बिघडत नाही. घरात तर कृत्रिम पायाला कुणी कृत्रिम पाय म्हणत नाही. "माझा पाय दे गं जरा," एवढंच.

मराठीतली खरी गंमत म्हणजे आपले वाक्प्रचार. ते हातापायांनी भरलेले आहेत. पायाखालची वाळू सरकली, हातपाय गाळले, त्याने हात झटकले, लंगडी सबब. मसुदा वाचताना लक्षात आलं की एक हात नसलेल्या वकीलबाईंबद्दल मी गंभीर चेहऱ्याने लिहिलंय: "शेवटी तिने हात टेकले." आणि सदा तर तीनदा "स्वतःच्या पायावर उभा" राहिला होता! असे शब्द टाळायलाच हवेत असं नाही. पात्र स्वतः ते मुद्दाम वापरू शकतं. त्याच वकीलबाईंच्या तोंडी मी नंतर "एका हाताने टाळी वाजत नाही, मला विचारा" असं घातलं. पण लेखकाच्या नकळत घडलेला विनोद वाचकाला लगेच कळतो.

८. हे साचे ओळखा

खलनायकाला आकडा लावू नका. ती युक्ती इतकी वापरून झाली आहे की आकडा दिसताच वाचक उरलेली कथा सांगून टाकतो. शेवटी चमत्काराने, यंत्राने किंवा प्रेमाने 'पूर्ण' करू नका. नायकाला धडा मिळावा म्हणून एखाद्याचा पाय कापू नका. ज्याचा पाय गेला त्याच्याकडे कथेचा थोडा तरी ताबा द्या.

सगळ्यात चिवट साचा प्रेरणेचा. अरुणिमा सिन्हा यांनी पाय गमावल्यावर २०१३ साली एव्हरेस्ट सर केलं. हे खरं आहे आणि अचाट आहे. पण धडधाकट माणसांपैकी किती जणांकडून आपण एव्हरेस्टची अपेक्षा करतो? तुमचं पात्र आळशी असू दे, कंजूष असू दे, कुणाच्या तरी प्रेमात असू दे. शरीरसंबंधांच्या प्रसंगात दिवा मालवून पळ काढू नका. पाय कधी काढायचा, आधी की नंतर, कुणासमोर, हा तिथला खरा ताण असतो.

९. माणसांना विचारताना

"कसं झालं?" हा पहिला प्रश्न नको. तो त्यांनी हजारदा ऐकलेला असतो, रस्त्यात, अनोळखी लोकांकडून. एक गृहस्थ कंटाळून दर वेळी नवी थाप मारतात. मला त्यांनी मगरीची गोष्ट सांगितली आणि मी ती वहीत लिहूनही घेतली. आधी रोजचं विचारा: कोणता बूट, कोणता जिना, कशाचा वैताग येतो. अपघात त्यांना सांगायचा असेल तर ते सांगतील.

वेळ घेताय तर मोबदला देऊ करा. त्यांच्या आयुष्यातला प्रसंग उचलायचा असेल तर तसं विचारा, आणि नाही म्हटलं तर तो सोडा. एकाच माणसावर विसंबू नका. माझ्या दोन वाचकांनी एकाच परिच्छेदाबद्दल नेमकी उलट मतं दिली, आणि दोघांचंही स्वतःपुरतं बरोबर होतं. त्या परिच्छेदातल्या पात्राचा (तो सदा नव्हे) पाय गुडघ्याखालून कापलेला होता, म्हणून मी तशाच वाचकाचं ऐकलं.

१०. रंगीत पेन्सिली

आता छापील मसुदा घ्या. एका रंगाने, शरीराचा उल्लेख असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा: बसला, उठला, धावला, दोन्ही हातांनी, पाय आपटत. दुसऱ्या रंगाने, त्या क्षणी पात्राने पाय लावलाय की नाही, कुबड्या कुठे आहेत, ते समासात लिहा. डावं-उजवं तिथेच पडताळा.

हे काम कंटाळवाणं आहे आणि दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. सदाची कादंबरी मी या पेन्सिली घेऊन पुन्हा वाचली, छापून झाल्यावर दोन वर्षांनी. पाय एकशे बाराव्या पानावर उजव्याचा डावा झाला होता. आणि शेवटच्या प्रकरणात, ज्या परिच्छेदावर मी स्वतःच खूश होते, तिथे संध्याकाळी सदा नदीकाठी बसून दोन्ही पाय पाण्यात सोडत होता.